न जन्मलेल्या मुलाची खतावणी

आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काहीजण बेंगळूरु, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई गाठतात आणि ‘मेडिकल कोडिंग’ नावाच्या नोकरीत शिरतात. ही नोकरी म्हणजे नेमके काय, हे घरच्यांना सांगता सांगता त्यांची पुरेवाट होते. ‘अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले करतो,’ एवढे सांगून बहुतेकजण सुटका करून घेतात. आम्हा प्राध्यापकांच्या खोलीतही या कामाविषयी फारसा आदर नाही. जीवशास्त्र शिकून शेवटी रात्रपाळीला बसून आकडेच भरायचे ना, असा एक सूर तेथे नेहमी ऐकू येतो.

हा सूर मला मान्य नाही. हे काम कारकुनीचे आहे, हे खरे. पण कारकुनी म्हणजे बिनडोक काम, ही आपली समजूत चुकीची आहे. कुठल्या रकान्यात काय लिहायचे, हे ठरविणाऱ्या माणसाच्या हाती किती सत्ता असते, हे पाटील-कुलकर्ण्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या भागातील लोकांना तरी वेगळे सांगायला नको. माझे म्हणणे पटवून देण्यासाठी मी या व्यवसायातील एकच लहानसा कोपरा निवडतो. तो म्हणजे गर्भातील बालकाच्या एमआरआय तपासणीचे बिल.

आधी तपासणीविषयी थोडेसे. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाची झाली आहे. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी होते. तीत कधी मेंदूतील पोकळ्या दहा मिलिमीटरपेक्षा मोठ्या दिसतात, कधी मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल दिसत नाही, कधी छातीचा पडदा अपुरा राहून आतडी वर सरकल्याची शंका येते. अशा वेळी अधिक खात्रीसाठी एमआरआय काढतात. त्यात क्षकिरण नसतात. काम चालते ते चुंबकीय क्षेत्रावर आणि रेडिओलहरींवर. गरोदरपणातील अशा चित्रणाचा पहिला अहवाल १९८३ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथून प्रसिद्ध झाला. पण पोटातले बाळ काही ‘स्तब्ध राहा’ म्हटल्याने स्तब्ध राहत नाही. एका सेकंदाच्या आसपास एकेक चित्र टिपणाऱ्या जलद पद्धती १९९० च्या दशकात आल्या, तेव्हाच ही तपासणी खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली. तिचे महत्त्व किती, याचे मोजमाप ब्रिटनमधील एका अभ्यासाने केले. ‘लॅन्सेट’मध्ये तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीत मेंदूच्या दोषाची शंका आलेल्या ५७० गर्भांचा त्यात विचार झाला. केवळ सोनोग्राफीवरून केलेले निदान शंभरांत ६८ वेळा बरोबर ठरले होते. एमआरआयची जोड मिळाल्यावर ते ९३ वेळा बरोबर ठरले. आईबापांना काय सांगायचे, प्रसूती कोठे करायची, जन्मल्याबरोबर शस्त्रक्रियेची तयारी ठेवायची की नाही, हे सारे या फरकावर अवलंबून असते.

आता बिलाकडे वळू. रविवार पेठेतील जुन्या घाऊक दुकानात जो माणूस कीर्द लिहितो, त्याला ठाऊक असते की नुसती रक्कम लिहून भागत नाही. ती कोणत्या खात्यावर टाकायची, हे ठरवावे लागते. कीर्दीतून खतावणीत गेल्याशिवाय व्यवहाराला अर्थ येत नाही. अमेरिकेतील वैद्यकीय बिलाचेही तसेच आहे. तेथे प्रत्येक बिलावर दोन प्रकारचे आकडे लागतात. पहिला सांगतो, काय केले. दुसरा सांगतो, का केले. ‘काय केले’ याची पाच अंकी यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून काढत आली आहे. तिला सीपीटी म्हणतात. ‘का केले’ याची यादी म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, आयसीडी. तिचे मूळ १८९३ साली बर्टिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीचे अमेरिकी रूप तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले. ‘काय’ आणि ‘का’ यांचा मेळ बसला, तर विमा कंपनी पैसे देते. नाही बसला, तर बिल परत येते.

गंमत अशी की, २०१५ च्या अखेरपर्यंत या पाच अंकी यादीत गर्भाच्या एमआरआयला स्वतःचे खातेच नव्हते. यंत्रे होती, तज्ज्ञ होते, रोज तपासण्या होत होत्या. पण वहीत त्यांना जागा नव्हती. मग कोणी ती आईच्या ओटीपोटाच्या एमआरआयच्या खात्यावर, म्हणजे ७२१९५ या आकड्यावर टाकी. कोणी ‘यादीत नसलेली तपासणी’ असा ७६४९८ हा आकडा लावी आणि सोबत स्पष्टीकरणाचे पत्र जोडी. पहिल्या पद्धतीत बाळाच्या मेंदूचा सूक्ष्म अभ्यास आईच्या कमरेच्या तपासणीच्या भावाने जाई. दुसऱ्या पद्धतीत बिल कोणातरी अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून राही. आणि देशात अशा तपासण्या किती होतात, याचा हिशेब दोन्ही पद्धतींत लागत नसे. जे वहीत नाही ते मोजता येत नाही. आणि जे मोजता येत नाही त्यासाठी पैसा मागणे कठीण होते.

१ जानेवारी २०१६ पासून ७४७१२ आणि ७४७१३ हे दोन आकडे यादीत आले. पहिला एका किंवा पहिल्या गर्भासाठी, दुसरा जुळे-तिळे असल्यास पुढच्या प्रत्येक गर्भासाठी. ७४७१२ च्या व्याख्येतच असे म्हटले आहे की, त्याच तपासणीत वार किंवा आईचे ओटीपोट पाहिले असेल तर तेही यात धरले आहे. म्हणजे बाळाचे एक आणि आईचे दुसरे असे दोन आकडे लावून दुप्पट पैसे मागता येणार नाहीत. उलट बाळाकडे न पाहता केवळ वार तपासली असेल, तर ७४७१२ चालणार नाही. तेथे जुना ओटीपोटाचाच आकडा लावायचा. वाचताना हा तपशील किरकोळ वाटतो. पण वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसल्याची शंका असलेल्या बाईची तपासणी आणि बाळाच्या मेंदूत दोष असल्याची शंका असलेल्या बाईची तपासणी एकाच यंत्रात, एकाच तासात, एकाच पोटाची होते. दोन्हींचा अहवाल समोर ठेवला, तर कोणता आकडा कोणाचा, हे अहवाल नीट वाचणाऱ्यालाच कळेल. केवळ मथळा वाचणारा तेथे हटकून फसेल.

दुसऱ्या यादीची, म्हणजे ‘का’ची गोष्ट याहूनही विचार करायला लावणारी आहे. बाळात दोष आहे, पण बाळ अजून जन्मलेले नाही. त्याचे नाव नाही, त्याचा विमा नाही, त्याच्या नावाने कागद नाही. म्हणून ते सारे आईच्या खात्यावर लिहिले जाते. गर्भातील दोषाच्या शंकेवरून आईची घेतलेली काळजी, अशा अर्थाचा ओ ३५ हा गट त्यासाठी आहे. या गटातील आकडे आईच्याच कागदावर चालतात. जन्मल्यानंतर मुलाच्या कागदावर ते लावायचे नाहीत, असा स्पष्ट नियम आहे. पूर्वी मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या सगळ्या दोषांना मिळून ओ ३५.० असे एकच खाते होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याची फोड झाली. दोन भागांना जोडणारा पूल नसणे म्हणजे ओ ३५.०१, मेंदूत पाणी साठणे म्हणजे ओ ३५.०६, पाठीच्या कण्यातील फट म्हणजे ओ ३५.०८. शेवटी आणखी एक अंक असतो. जुळ्यांपैकी दोष कोणत्या बाळात, पहिल्या की दुसऱ्या, हे तो सांगतो.

आणि तपासणीत काहीच सापडले नाही तर? त्यालाही आकडा आहे. गर्भातील दोषाची शंका होती, ती निराधार ठरली, अशा अर्थाचा झेड ०३.७३. ज्या आईने तीन आठवडे झोप न घेता काढले, तिच्या सुटकेची नोंद इतकीच. पण ही नोंद बरोबर होणे फार महत्त्वाचे आहे. शंका फिटली असतानाही घाईत कोणी ओ ३५.०६ तसाच ठेवला, तर त्या बाईच्या कागदावर नसलेला दोष कायमचा बसतो. याच्या उलटही घडू शकते. डॉक्टरांनी ‘पोकळ्या थोड्या मोठ्या आहेत’ एवढेच लिहिले असेल, तर ‘मेंदूत पाणी’ असा आकडा लावण्याचा अधिकार कारकुनाला नाही. निदान करणे त्याचे काम नव्हे. शंका आली तर त्याने डॉक्टरांना लेखी विचारावे, उत्तर येईपर्यंत थांबावे. या व्यवसायात एक म्हण प्रचलित आहे : लिहिले नाही ते झालेच नाही. मी तिला एक जोड देईन : जे झाले नाही ते लिहूही नये.

चूक झाली तर काय होते? बिल परत येते, आणि परत येण्याच्या कारणालाही आकडा असतो. ५० म्हणजे ‘या तपासणीची वैद्यकीय गरज आम्हांला पटली नाही’. १९७ म्हणजे ‘आमची पूर्वपरवानगी घेतली नव्हती’. त्यावर अर्ज, पुन्हा अहवाल, पुन्हा पत्रे. पैशाचे हे भांडण महिनोन् महिने चालले तरी चालते. पूर्वपरवानगीचे मात्र तसे नाही, कारण ती तपासणीच्या आधी लागते. मागणीवर चुकीचा आकडा पडला म्हणून परवानगी आठवडाभर अडली, तर गर्भाचे वय त्या आठवडाभराने वाढते. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यापासून प्रत्येक राज्याची मुदत वेगळी झाली आहे. काही राज्यांत मुदतच उरलेली नाही. आपल्या देशातही २०२१ च्या सुधारणेनंतर ठराविक प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांची आहे. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. सोनोग्राफीत शंका येते विसाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि एमआरआयमध्ये मेंदू नीट दिसू लागतो तोही त्यानंतरच. म्हणजे आईबापांना विचार करायला मिळतात ते मोजके दिवस. त्यांतले किती दिवस टेबलावरच्या कागदाने खायचे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

येथे कोणी विचारील, अमेरिकेची ही आकड्यांची जत्रा आपल्याला काय कामाची? ज्या देशात एकाच तपासणीचे रुग्णालयाचे एक बिल आणि चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांचे दुसरे बिल येते, जेथे विम्याच्या यादीबाहेरच्या डॉक्टरांनी पाठविलेल्या अवाच्या सवा बिलांतून रोग्याला वाचविण्यासाठी २०२२ पासून खास कायदा लागू करावा लागला, त्या देशाचे अनुकरण कशाला? आक्षेप रास्त आहे. त्यात मी आणखी भर घालतो. ती पाच अंकी यादी एका खाजगी संस्थेच्या मालकीची आहे आणि ती वापरण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. दुकानदाराने खतावणीच्या खात्यांच्या नावांसाठीही भाडे भरावे, असा हा प्रकार आहे.

परंतु आकडा आणि बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेतून तपासणी करून घेणाऱ्या आईच्या हाती बिल पडत नाही. तरीही तेथे रुग्णालयांतील उपचारांची आणि निदानांची सांकेतिक नोंद होते. सरकारने कोणत्या रुग्णालयाला किती द्यायचे आणि कोठे काय कमी पडते, हे तिच्यावरून पाहिले जाते. अमेरिकेतही दर दहांपैकी सुमारे चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना उचलते. तेव्हा आकड्यांचा दोष धरायचा तो त्यांच्यावर चाललेल्या व्यापाराचा. नोंदीचा त्यात अपराध नाही.

आपल्याकडे काय दिसते? येथे गर्भवतीचा एमआरआय बहुधा बाह्यरुग्ण म्हणून होतो आणि पैसे रोख भरावे लागतात. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण त्यातून बाह्यरुग्ण सेवा वगळली आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा दोन राज्यांत केवढा वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. योजना कोणाची, यावर एवढे भांडण झाले. पण योजना बेंगळूरुची असो की मुंबईची, तिचा पाया रुग्णालयात दाखल होऊन घेतलेला उपचार हाच आहे. यंत्रातून चित्र काढून त्याच दिवशी बसने गावी परतणारी गरोदर बाई दोन्हींच्या हिशेबात बसत नाही. हा मुद्दा त्या वादात कोणी काढल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

तिच्या हातात काय उरते? एक पावती. तिच्यावर ‘एमआरआय’ एवढाच शब्द आणि रक्कम. कशाचा, कशासाठी, किती गर्भांचा, यातले काही नाही. गर्भाच्या चित्रणाची आपल्याकडे सर्वांत काटेकोर नोंद मागितली जाते ती ‘फॉर्म एफ’मध्ये, गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी. तो कायदा हवाच, कारण ती वेळ आपणच आणली. पण मुलगी मारली जाऊ नये म्हणून जो समाज इतके रकाने भरून घेतो, त्याने मुलाच्या दोषाची आणि आईच्या खर्चाची नोंद मात्र रोख पावतीच्या वाऱ्यावर सोडावी, हे विचित्र आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी किती गर्भवतींना हा एमआरआय लिहून दिला जातो, किती जणींना तो परवडत नाही म्हणून राहून जातो, याचे उत्तर त्या पावत्यांच्या ढिगातून कधीच निघणार नाही.

पावती या शब्दावरून एक गोष्ट सुचते. मराठीत पावती म्हणजे पैसे पोचल्याचा कागद. आपल्या कन्नड मित्रांच्या भाषेत पावती म्हणजे पैसे भरणे. कागदाला ते रसीदी म्हणतात. एकच शब्द, पण एका भाषेत तो घेणाऱ्याच्या बाजूचा आणि दुसरीत देणाऱ्याच्या बाजूचा. सध्याची आपली वैद्यकीय पावती पैसे घेणाऱ्याच्या सोयीची आहे. ती देणाऱ्याच्याही सोयीची व्हावी, एवढीच मागणी आहे, आणि ती काही जगावेगळी नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत दरांची पारदर्शकता आणि तपासणी कोठे करून घ्यायची ते निवडण्याची मोकळीक, हे दोन्ही हक्क नमूद आहेत. कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय आस्थापनांचा २००७ चा कायदाही दर जाहीर करण्याचे बंधन घालतो. हक्क कागदावर आहेत. ते काउंटरवर मागणारा माणूस हवा.

तो माणूस कोठून यायचा? माझ्या मते तो आपल्याच वर्गात बसलेला आहे. दूरच्या कुठल्या शहरातल्या अनोळखी आईच्या अहवालातला शब्द न् शब्द वाचून, तिच्या बाळाच्या दोषाला बरोबर खात्यावर टाकणारी आपली मुलगी, तिच्या स्वतःच्या वहिनीच्या हाती पडलेल्या पावतीकडे मात्र निमूटपणे पाहते. तिच्यापाशी जे ज्ञान आहे, ते इथे कोणी विचारतच नाही. नोकरीच्या जागी तासाला किती अहवाल निकालात काढले, यावर तिची किंमत होते. इथे तर ती किंमतही होत नाही.

यासाठी दोन गोष्टी मला सुचवाव्याशा वाटतात. पहिली महाविद्यालयासाठी. कोडिंगचे शिकवणीवर्ग आता गल्लोगल्ली निघाले आहेत. तेथे परीक्षेपुरते आकडे पाठ करून घेतात. आपण तसे न करता, वाणिज्य, जीवशास्त्र आणि भाषा या तिन्ही विभागांनी मिळून शनिवारी दुपारी एक छोटा वर्ग चालवावा. त्यात शरीररचना शिकवावी, अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय लावावी, आणि न समजल्यास विचारण्यात कमीपणा नाही, हेही शिकवावे.

दुसरी गोष्ट या नियतकालिकासाठी. याचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच बांधणीत निघतात, पण एका बाजूचा वाचक दुसऱ्या बाजूची पाने क्वचितच उलटतो. पुढच्या अंकात दोन्ही विभागांनी मिळून दोन पाने द्यावीत. सोनोग्राफीच्या आणि एमआरआयच्या अहवालात व बिलात येणारे तीस-चाळीस शब्द निवडावेत, त्यांचे सोपे अर्थ मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी छापावेत, आणि खाली काउंटरवर विचारायचे चार प्रश्न द्यावेत : तपासणी नेमकी कशाची, कशासाठी, दर किती, आणि हे सारे बिलावर लिहून मिळेल का? जे विद्यार्थी सध्या या नोकरीत आहेत, त्यांना पत्रे लिहून शब्द मागवावेत. ते आनंदाने पाठवितील. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते तपासून द्यावेत. छपाईचा प्रश्न आला, तर माझ्या लेखाची पाने त्यासाठी खुशाल कापावीत.